तुळईवरची गाडी आणि तिचा सांधा

फ्लोरिडात मॅजिक किंगडम पाहायला आलेला माणूस भल्यामोठ्या वाहनतळावर मोटार उभी करतो आणि पुढे येऊन पाहतो, तर समोर तळे. किल्ल्याचे कळस पार पलीकडच्या काठाला, मैलभर लांब. हे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. सेव्हन सीज लगून हे तळे माणसांनी खणले आणि त्यातून निघालेल्या मातीने पलीकडची जमीन उंचावली. मोटारींचे जग मागे पडल्यावरच बागेत पाऊल पडावे, ही त्यामागची कल्पना. तळे ओलांडायला सहाशे माणसे नेणारी फेरीबोट आहे, नाहीतर डोक्यावरून जाणारी मोनोरेल.

मॅजिक किंगडम ज्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा भाग आहे, ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. त्याचा पसारा सुमारे २५ हजार एकरांचा. चार मोठ्या बागा, डझनावारी हॉटेले आणि त्यांना जोडणाऱ्या शेकडो बस, बोटी, दोरीवरचे पाळणे असे एखाद्या शहराला शोभेल इतके जाळे तिथे आहे. पण लोकांच्या मनात घर केले ते मोनोरेलने. कंटेम्पररी हॉटेलच्या पोटातून, जेवणाऱ्या पाहुण्यांच्या डोक्यावरून ती सरळ आरपार जाते, आणि पन्नास वर्षांनंतरही खालची मुले ताटावरून मान वर करून तिच्याकडे बघत राहतात.

या गाडीची कल्पना युरोपातली. स्वीडिश उद्योगपती आक्सेल वेनर-ग्रेन यांच्या आल्वेग कंपनीने जर्मनीत कोलोनजवळ चाचणीमार्ग उभारला होता. तो पाहून वॉल्ट डिस्ने भारावले आणि १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये मोनोरेल धावली. फ्लोरिडात तिचा विस्तार झाला. १९८२ मध्ये एपकॉट बाग उघडली तेव्हा तिथपर्यंत मार्ग गेला आणि एकूण लांबी साडेतेवीस किलोमीटरच्या आसपास पोहोचली.

काँक्रीटची तुळई जेमतेम ६६ सेंटिमीटर रुंद. घोड्यावर मांड ठोकावी तशी गाडी तिच्यावर बसते. भार पेलणारी रबरी चाके तुळईच्या माथ्यावरून धावतात, दोन्ही कुशींना टेकलेली चाके तिला डगमगू देत नाहीत. बाजूच्या पट्टीवरून ६०० व्होल्टची वीज मिळते. सहा डब्यांची गाडी ६२ मीटर लांब आणि प्रत्येकीची ओळख तिच्या रंगाच्या पट्ट्यावरून. रात्री या गाड्या ज्या शेडमध्ये विसावतात तिच्या खालच्या मजल्यावर बागेच्या आगगाडीची वाफेची इंजिने असतात. मेक्सिकोच्या युकातानमधून आणलेली ही इंजिने एकेकाळी तिथल्या मालगाड्या ओढत होती. वर वीज, खाली वाफ, आणि दोन्हींची निगा एकाच छपराखाली.

या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत हट्टी भाग म्हणजे सांधा. साध्या रेल्वेत रुळाची एक निमुळती पाती काही सेंटिमीटर सरकली की गाडी दुसऱ्या मार्गाला लागते. इथे गाडीने तुळईला दोन्ही बाजूंनी कवेत घेतलेले असते, त्यामुळे अख्खी तुळईच जागची हलवावी लागते. मार्गाचा तो तुकडा बाजूला सरकणार, नेमका दुसऱ्या तुळईशी जुळणार, तिथे पक्का अडकणार आणि मगच गाडी पुढे जाणार. तोवर दोन्हीकडची वाहतूक खोळंबते. मोनोरेलला फाटे फोडणे महाग आणि अवघड का, ते या एका हालचालीत दिसते.

५ जुलै २००९ च्या पहाटे दोनच्या सुमारास अशाच एका सांध्यामुळे घात झाला. दिवसाचे काम संपवून गुलाबी गाडी एपकॉटच्या तुळईवरून मागे घेऊन दुसऱ्या तुळईवर न्यायची होती. सांधा हललाच नव्हता. गाडी त्याच तुळईवरून मागे आली आणि स्थानकात उभ्या जांभळ्या गाडीवर आदळली. त्या गाडीचा एकवीस वर्षांचा चालक जागीच गेला. एरवी दोन गाड्यांत अंतर राखणारी स्वयंचलित यंत्रणा होती, पण गाडी मागे घेताना ती बाजूला ठेवावी लागे. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत दिसले की सांधा ठरल्या जागी आल्याची खातरजमा न होताच परवानगी दिली गेली होती आणि त्यासाठी पक्की लेखी कार्यपद्धतीही नव्हती. त्यानंतर चालकाशेजारी बसून समोरचा देखावा पाहण्याची प्रवाशांची मुभा संपली.

१९८९ साली हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ साली अ‍ॅनिमल किंगडम या बागा उघडल्या, पण तुळई तिथवर पोहोचली नाही. अ‍ॅनिमल किंगडमला जायचे तर बस. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जेवायला निघालेल्या कुटुंबाला बहुतेकदा आधी एखादी बाग गाठून तिथे बस बदलावी लागते. २०१९ च्या सप्टेंबरअखेर स्कायलायनर हे दोरीवरचे पाळणे सुरू झाले आणि एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज व काही हॉटेले जोडली गेली. आठवडाभरातच, ५ ऑक्टोबरला, एका स्थानकात पाळणे एकमेकांवर आदळून अडकले आणि माणसे काही तास हवेत लटकली. विजा कडाडू लागल्या की ही सेवा थांबवावी लागते, आणि फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारचा गडगडाट जवळजवळ रोजचा.

अशा अडकण्याची धास्ती मुंबईकरांना समजावून सांगायला नको. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात मैसूर कॉलनीजवळ गर्दीने खचाखच भरलेली मोनोरेल भाराने वीजपट्टीपासून सुटली, दिवे आणि वातानुकूलन बंद पडले, आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून अधिक प्रवासी उतरवले. मुंबईची सेवा पुढच्या महिन्यात नव्या गाड्या आणि नव्या सिग्नल यंत्रणेसाठी थांबवण्यात आली. फ्लोरिडाच्या गाड्या मात्र १९८९ ते १९९१ च्या दरम्यान आल्या, त्याच आजही धावतात. त्या बदलायची वेळ येईल तेव्हा डब्यांच्या रंगरूपावर भरपूर चर्चा होईल. खर्च करायला हवा तो आधी तुळईलगतच्या पायवाटेवर. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या मोनोरेलला अशी वाट आहे, आणि गाडी बंद पडली तर प्रवासी तिच्यावरून स्वतःच्या पायांनी स्थानक गाठू शकतात.