मालमोटारीच्या डिफरन्शियलचें झांकण व तेलाची गळती

भाजीपाला, दूध, फुलें व फळें हा माल नाशवंत असल्यामुळें तो वेळेवर बाजारांत पोंचला तरच शेतकऱ्याच्या श्रमाचें मोल होतें. मुंबईच्या उपनगरांत ह्या गोष्टीचा प्रत्यय रोज येतो. साष्टींतील मरोळ हें एके काळीं भातखाचरांचें गांव. आज तेथें औद्योगिक वसाहत आहे, आणि शेजारीं १९४९ सालीं स्थापन झालेली आरे दुग्ध वसाहत आहे. वसई-पालघरकडील माल घेऊन येणाऱ्या मोटारी व कारखान्यांचा माल नेणाऱ्या मोटारी ह्या भागांतून अहोरात्र जा-ये करीत असतात. अशा मोटारीच्या मागील आंसाखालीं जमिनीवर पडलेला तेलाचा काळा डाग बहुतेक मालकांच्या ओळखीचा असतो, आणि ओळखीचा असल्यामुळेंच त्याकडे कोणी लक्ष देत नाहीं.

हा डाग क्षुल्लक नव्हे. थेंब थेंब गळून पेटींतील तेल अर्ध्यावर आलें, म्हणजे आंतील दंतचक्रें तापतात, त्यांचे दांत खरवडले जातात, आणि एखाद्या दिवशीं कसाऱ्याच्या घाटांत भरल्या गाडीनिशीं आंस जाम होतो. टोमॅटोच्या पाट्या उन्हांत सडतात तें नुकसान वेगळें, आणि नवी क्राउन-पिनियनची जोडी घ्यावी लागते तें वेगळें. हें सर्व टाळण्यास लागणारें काम एका दिवसाचें आहे व खर्च अल्प आहे. मात्र लेप जितका जाड तितकें झांकण पक्कें, ही जी समजूत सर्वत्र आढळते ती सोडून दिली पाहिजे. स्वच्छ व सपाट कड आणि हवेस मोकळी वाट ह्या दोन गोष्टींनींच गळती थांबते. लेपाचें काम त्यानंतरचें आहे.

डिफरन्शियलचें कार्य

बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर सुटीं फिरतात. गाडी वळली म्हणजे बाहेरच्या चाकास अधिक अंतर चालावें लागतें व आंतल्यास कमी. चाकें सुटीं असल्यानें त्यांत अडचण येत नाहीं. मोटारींत मात्र चाकांना इंजिनाचा जोर पोंचवावयाचा असतो. दोन्ही चाकें एकाच दांड्यास जखडलीं तर प्रत्येक वळणावर एक चाक फरपटेल. ह्यावर ओनेसिफोर पेक्वर ह्या फ्रेंच कारागिरानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वाफेच्या गाडीसाठीं जी दंतचक्रांची योजना केली, तीच आजच्या डिफरन्शियलचें मूळ होय. इंजिनाकडून येणारा लांब दांडा लहान पिनियनास फिरवितो, पिनियन मोठ्या क्राउनचक्रास फिरवितें, आणि क्राउनबरोबर फिरणारीं लहान चक्रें दोन्ही चाकांस जोर वांटून देतात. क्राउनचा खालचा भाग तेलांत बुडालेला असतो व फिरतांना तो तेल सर्वत्र उडवितो. म्हणून तेलाचा मारा झांकणाच्या सांध्यावर सतत होत असतो.

जीप व तत्सम लहान मालवाहू गाड्यांत ह्या पेटीच्या मागील बाजूस पत्र्याचें झांकण असतें. डेना ४४ नांवाच्या प्रसिद्ध आंसाचें झांकण दहा बोल्टांनीं बसविलेलें असतें. मोठ्या मालमोटारींत बहुधा मागील घुमट कायमचा जोडलेला असतो, आणि उघडण्याचा सांधा पुढच्या बाजूस असतो. तेथें चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे आधीं बाहेर ओढून मग जड चक्रसंच उतरवावा लागतो. तें काम कारागिरावरच सोंपवावें. सांधा बंद करण्याचे नियम मात्र दोहोंस सारखेच लागू आहेत.

गळतीची जागा ओळखणें

चालत्या गाडीखालील वारा तेल मागें लोटतो व धूळ त्यावर बसते, त्यामुळें सगळी पेटीच चिकट दिसते. तेवढ्यावरून झांकणास दोष देऊं नये. पिनियनच्या दांड्याजवळील ऑइल सील व चाकांजवळचे सील हींही गळतीचीं ठिकाणें आहेत. प्रथम पेटी घांसलेटानें धुऊन कोरडी करावी, तिच्यावर खडूची भुकटी लावावी, आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी. भुकटी ज्या सर्वांत उंच जागीं प्रथम ओली झाली असेल, गळती तेथेंच आहे. तेल वरून खालीं वाहतें, म्हणून थेंब जेथें लोंबतो ती जागा फसवी असते.

हवेची वाट : ब्रीदर

आंसाच्या पेटीवर वरच्या अंगास एक लहानशी टोपी किंवा नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. चिखलानें ती बुजली म्हणजे काय होतें, ह्याचा हिशेब कोणासही करतां येईल. सकाळीं पेटींतील हवा ३० अंश सेल्सिअस असेल आणि घाट चढतांना ती ९० अंशांवर गेली, तर कोंडलेल्या हवेचा दाब सुमारें पांचव्या हिश्शानें वाढतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० ग्रॅम जादा जोर झाला. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या झांकणावर तो एकंदर जवळजवळ १०० किलो भरतो. जणूं एक क्विंटलाचें पोतें आंतून झांकण ढकलीत आहे. अशा दाबापुढें कोणता तरी सांधा हार खाणारच. एकदां नवें झांकण बसवूनही महिन्याभरांत गळती पुन्हां लागते, ती पुष्कळदां ह्याच कारणानें.

उलट प्रकार पुराच्या पाण्यांत घडतो. तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला म्हणजे आंतील हवा आकुंचन पावते व बाहेरचें पाणी आंत ओढलें जातें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मरोळवरून वाहणारी मिठी नदी पात्र सोडून रस्त्यांवर व वस्त्यांत शिरली. अशा पाण्यांतून निघालेल्या गाडीचें डिफरन्शियलचें तेल त्वरित पाहावें. तें दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें असें निश्चित समजावें, आणि तेल बदलल्याखेरीज गाडी चालवूं नये. नाहीं तर बेअरिंगांस गंज चढतो. ज्यांच्या गाड्या दर पावसाळ्यांत पाण्यांतून जातात, त्यांनीं ब्रीदरास रबराची नळी जोडून तिचें तोंड उंच सांगाड्यावर न्यावें.

झांकण उघडणें

गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकांस दोन्हीं बाजूंनीं लांकडी ठोकळे लावावे. गाडी उचलावयाची असल्यास भक्कम घोडे लावल्यावांचून, केवळ जॅकच्या भरंवशावर, खालीं शिरूं नये. तेल किंचित् कोमट असतांना काढावें. आधीं वरचें, तेल भरण्याचें बूच उघडावें. तें गंजून निघत नसेल, तर खालचें तेल सांडून बसल्यावर पश्चात्ताप करण्यांत अर्थ नाहीं. बुचाच्या चुंबकास काळा बारीक लगदा लागलेला असणें स्वाभाविक आहे. परंतु धातूचे तुकडे असल्यास आंतील चक्रें व बेअरिंगें कारागिराकडून तपासून घ्यावीं.

झांकणाचे खालचे बोल्ट प्रथम काढावे व वरचे दोन ढिले करून तसेच ठेवावे, म्हणजे झांकण एकाएकीं अंगावर पडत नाहीं. चिकटलेलें झांकण लांकडाच्या ठोकळ्यानें कडेवर हलकेच ठोकून सोडवावें. सांध्यांत छिन्नी घालूं नये. यंत्रावर घांसून सपाट केलेल्या कडेवर छिन्नीचा एक ओरखडा राहिला, तरी तीच तेलाची पाऊलवाट होते.

कड स्वच्छ व सपाट करणें

जुनें पॅकिंग व जुना लेप बोथट पात्यानें खरवडावा. तत्पूर्वीं आंतील चक्रें स्वच्छ फडक्यानें झांकावीं, म्हणजे कण आंत पडणार नाहींत. ह्या कामीं सुताचा चोथा वापरूं नये. त्याचे धागे आंत राहतात. वरच्या चक्रांवरून तेल बराच वेळ निथळत असतें व पेटीच्या खालच्या कडेवर येऊन थांबतें. झांकण खालच्या भागीं गळण्याचें हें फार मोठें कारण आहे. म्हणून तेल निथळूं द्यावें, आणि लेप लावण्याच्या अगदीं आधीं थिनरानें कड पुन्हां पुसून वाळवावी. त्या वेळीं जवळपास विडी किंवा दिवा असूं नये.

नंतर झांकण कांचेच्या जाड तुकड्यावर ठेवून चहूंकडून पाहावें. पूर्वीं कोणी बोल्ट अति आवळलेले असल्यास पत्रा प्रत्येक छिद्राभोंवतीं पेटीच्या बाजूस दबलेला आढळतो. मग दोन बोल्टांच्या मधला भाग टेकत नाहीं व तेथून तेल झिरपतें. असा फुगवटा झांकण सपाट लोखंडावर धरून हलक्या हातोडीनें बसवावा. ज्या झांकणाची कड गंजून खड्डे पडले आहेत तें बदलणेंच स्वस्त पडतें.

पॅकिंग कीं सिलिकॉन ?

कागदी पॅकिंग चांगल्या सपाट कडांस उत्तम. सिलिकॉनचा लेप किंचित् खडबडीत कडांसही चालतो. दोहोंपैकीं एकच निवडावें. ओल्या सिलिकॉनवर बसविलेलें पॅकिंग आवळतांना घसरतें. सिलिकॉन गिअर-तेलास टिकणारें आहे, असें नळीवर छापलेलें पाहूनच घ्यावें. त्याची तीन ते पांच मिलिमीटर जाडीची एकच अखंड रेघ झांकणावर ओढावी. ती छिद्रांच्या आंतील बाजूनें जावी व प्रत्येक छिद्रास वेढा द्यावी. रेघ जाड झाली तर जादा माल आंतल्या बाजूस दबून निघतो, त्याचे गोळे तुटून तेलांत पडतात आणि तेलाच्या वाटा अडवितात. जीं छिद्रें पेटीच्या आंतपर्यंत आरपार गेलीं असतील, त्यांच्या बोल्टांच्या आट्यांसही थोडा लेप लावावा. तेल आट्यांवरूनही चढून येतें.

हें सिलिकॉन हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतें. त्यामुळें मुंबईच्या दमट हवेंत तें लवकर धरतें, आणि देशावर वैशाखाच्या कोरड्या उन्हाळ्यांत त्यास अधिक वेळ द्यावा लागतो. लेपावर साय धरण्यापूर्वींच झांकण सरळ नेऊन बसवावें. एकदां टेकल्यावर तें सरकवूं नये.

आवळणें व तेल भरणें

सर्व बोल्ट प्रथम बोटांनीं लावावे. मग एक वरचा, त्याच्या समोरचा खालचा, एक डावा, एक उजवा, अशा क्रमानें थोडथोडे आवळीत जावें, व शेवटीं गाडीच्या पुस्तकांत दिला असेल तितकाच जोर टॉर्क-पान्यानें द्यावा. पान्यास नळी चढवून आवळणाऱ्या बळकट गड्याकडून हें काम करवूं नये. पत्रा वांकतो आणि गळतीचें बीज पुन्हां पेरलें जातें. लेप वाळण्यास नळीवर लिहिलेला वेळ, शक्य तर पूर्ण एक रात्र, द्यावी. लेप ओला असतांना तेल भरणें म्हणजे ओल्या बांधावर पाणी सोडण्यासारखेंच होय.

पुस्तकांत सांगितलेल्या जातीचें तेल वरच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत भरावें. त्याहून अधिक भरल्यास तें ब्रीदरावाटे व सीलांवाटे बाहेर येतें. पहिल्या फेरीनंतर सांधा पाहावा, आणि तेलाची तारीख व गाडीचे किलोमीटर वहींत टिपावे. काढलेलें जुनें तेल गटारांत ओतूं नये. मरोळचें गटार मिठीस मिळतें, मिठी माहीमच्या खाडीस, आणि तेथील तिवरांच्या मुळांशीं तें तेल जाऊन बसतें. तें बंद डब्यांत सांठवून परवानाधारक तेल-शुद्धीकरणवाल्यास द्यावें.

ज्या सोसायट्यांजवळ स्वतःची मालमोटार आहे, त्यांनीं चालकास दर पंधरवड्यास दोन गोष्टी पाहण्याची शिस्त लावावी : ब्रीदराची टोपी हातानें फिरते कीं नाहीं, आणि वरच्या बुचाच्या छिद्रांत घातलेल्या बोटास तेल लागतें कीं नाहीं. ह्यास दहा मिनिटें लागतात. बैलगाडीच्या काळांत वंगणाशिवाय गाडी जुंपणें हा गाडीवानास कमीपणा वाटत असे; मोटारीच्या आंसाविषयींही तीच काळजी आमच्या शेतकरी बंधूंनीं बाळगावी.