अंदाजाचे मीठ

रमजानमध्ये इफ्तारची दावत ठेवणाऱ्या घराला घड्याळाची सवलत नसते. एरवी पाहुण्यांना 'बसा, पाच मिनिटांत वाढते' असे सांगता येते. रोजा मात्र सूर्यास्ताला, मगरीबच्या अजानीबरोबर सुटतो. तेव्हा दस्तरखान मांडलेले असायलाच हवे. त्यातच स्वयंपाक करणारी स्वतःही पहाटेच्या सहेरीपासून अन्नपाण्याविना असते. रोजच्या पाच-सहा माणसांऐवजी 25 जणांचे रांधायचे आणि तेही न चाखता! पदार्थ बिघडतात ते इथेच.

सगळ्यात जास्त फसते ते मीठ. इस्लामी धर्मशास्त्रात यासाठी मुभा आहे. गरज असेल तर जिभेच्या टोकावर कणभर घेऊन चव पाहावी आणि थुंकून टाकावी. काही गिळले नाही तर रोजा मोडत नाही. विनाकारण तसे करणे मात्र हनफी मतानुसार मकरूह, म्हणजे नापसंत आहे. बऱ्याच बायका ही मुभाही घेत नाहीत. मग रोजा नसलेल्या लहान मुलाला किंवा आजारपणामुळे रोजा न धरणाऱ्या आजीला चमचाभर रस्सा दिला जातो. मुलाला सगळेच छान लागते आणि आजीला सगळेच अळणी.

दावतीच्या दिवशी स्वयंपाकघरात चार हात असतात. एक जाऊ मीठ घालून नमाजला जाते आणि दुसरी 'राहिलं वाटतं' म्हणून पुन्हा घालते. म्हणून मिठाचा डबा एकीच्याच हाती असावा आणि तो हातही थोडा आखडता असावा. कमी पडलेले मीठ ताटातही घेता येते, जास्त झालेले काढता येत नाही. खारट रस्स्यात बटाटा टाकला की तो मीठ शोषतो, असा समज घरोघरी आहे. बटाटा रस्साच शोषतो आणि त्यासोबत मीठही. उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. खरा उपाय पदार्थ वाढवण्याचा आहे. गरम पाणी, बिनमिठाचे कांद्याचे वाटण, दही किंवा नारळाचे दूध घालावे. बिर्याणीचे मटण खारट झाले असेल तर वरच्या थराचा भात बिनमिठाचा शिजवावा.

मग येते करपणे. बिर्याणीचा तांदूळ पाऊण शिजवून निथळतात, मटणावर पसरतात, झाकणाला कणकेची पट्टी लावतात आणि दम देतात. आत काय चालले आहे ते दिसत नाही. पातेले पातळ बुडाचे असेल तर खाली तवा हवाच. करपल्याचा वास आला की लगेच उतरवावे. ढवळू नये आणि खरवडू तर मुळीच नये. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढला तर बरीचशी बिर्याणी वाचते. खिचड्यातले गहू आणि डाळी बुडाशी बसतात. तो घोटायला घरातल्या पुरुषांनी हात लावला तर करपायची वेळच येत नाही.

कांदाभज्यांचे पीठ दुपारीच भिजवले तर मिठामुळे कांद्याला पाणी सुटते आणि भजी मऊ पडतात. त्यात निदान पोट बिघडत नाही. सकाळी शिजवलेले मटण किंवा भात उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत कोमट ठेवला तर त्यात जंतू वाढतात आणि पुन्हा उकळून सगळेच विष जात नाही. दिवसभराच्या रिकाम्या पोटी ते महागात पडते. शंका आली की टाकून द्यावे. खजूर, पाणी आणि फळे असली तरी रोजा सुटतो. त्यानंतर नमाज होते आणि मग जेवण. मधली पंधरा-वीस मिनिटे रस्सा सुधारायला किंवा अंडी उकडायला पुरतात.

एक चूक मात्र सावरायची नसते, सांगायची असते. शेजारच्या शाकाहारी कुटुंबालाही बोलावलेले असते. घाईत कबाबच्या तेलातच त्यांची भजी तळली जातात किंवा खिम्याचा डाव व्हेज पुलावात पडतो. दिसायला काहीच बदललेले नसते आणि कोणाला कळणारही नसते. तरीही तो पदार्थ बाजूला ठेवून पाहुण्यांना खरे सांगावे आणि त्यांच्यापुढे फळे ठेवावीत. करपलेली बिर्याणी पाहुणे हसून विसरतात. हे लपवले आणि पुढे कळले, तर ते कुटुंब त्या घरी पुन्हा निर्धास्तपणे जेवू शकत नाही. म्हणून त्यांची कढई, तेल आणि डाव सकाळीच वेगळे काढून ठेवावेत.

जेवणाऱ्यासाठीही एक शिकवण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खात, नाही तर सोडून देत, असे हदीसमध्ये आले आहे. यजमानीण 'मीठ जास्त झालं का?' असे विचारते, तेव्हा दिवसभर उपाशी राहून तिने ते केलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

आणि इफ्तारचे आमंत्रण आलेल्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांना या स्वयंपाकात मोठी मदत करता येते. अजानीच्या वेळेवर येण्याऐवजी अर्धा तास आधी यावे, थेट स्वयंपाकघरात जावे आणि आपल्याला चालतील त्या पदार्थांचे मीठ चाखून द्यावे.