खाणकामगारांचे गुडघे

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा. येथे मांडीचे व नडगीचे हाड समोरासमोर येते. पण हाडावर हाड घासत नाही. दोहोंच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा, गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिचे पोषण कसे होते? ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते, सोडला की आत शिरते. चालताना असेच घडते व सांध्यातील द्रवातून कूर्चेला अन्न मिळते. पाय बरेच आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तर कूर्चा पातळ होते, ती यामुळेच. तेव्हा श्रम हे काही सांध्याचे शत्रू नव्हेत.

मग बिघडते कोठे? इंग्लंडमधील कोळशाच्या खाणी पाहा. काही थर इतके कमी उंचीचे होते की, कामगार तासन् तास गुडघे टेकून फावडे चालवीत. १९५२ साली केलग्रेन व लॉरेन्स या डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे कचेरीतील कारकुनांच्या चित्रांशी ताडून पाहिली. खाणकामगारांत झीज अधिक आढळली. गुडघा पूर्ण दुमडला की वाटीमागील कूर्चेवर मोठा दाब येतो. त्यात ओझे उचलण्याची भर! शिवाय अशा पाहण्यांत एक मेख असते. ज्याचे गुडघे फार दुखतात तो काम सोडून जातो आणि मोजणीत धडधाकटच उरतात.

पण वय, वजन व जुनी दुखापत यांनीही गुडघा झिजतो. अमक्याचा गुडघा कामामुळेच गेला, हे कसे ठरवायचे? क्ष-किरण चित्रावर कारण लिहिलेले नसते! ब्रिटनमध्ये त्यासाठी एक हिशेब करतात. समजा, इतर शंभरांपैकी दहा जणांना विकार होतो आणि शंभर खाणकामगारांपैकी बावीस जणांना. तर बावीसांपैकी बारा, म्हणजे निम्म्याहून अधिक, कामामुळे वाढले. म्हणून दुपटीहून अधिक धोका ही कसोटी. या कसोटीवर खाणकामगारांची गुडघेझीज व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाली २००९ साली, म्हणजे त्या पाहणीनंतर तब्बल ५७ वर्षांनी! तोवर बहुतेक खाणी बंद पडल्या होत्या. २०१२ साली गालिचे व फरशी बसवणाऱ्यांचाही समावेश झाला.

इंग्लंडच्या शेतकऱ्यांत खुब्याच्या सांध्याची झीज अधिक आढळते. आपल्याकडे खुरपणी उकिडवे बसूनच चालते. सायकल कोळपे उभ्याने ढकलता येते व दोन ओळींमधले तण निघते. रोपालगतच्या तणासाठी मात्र खुरपेच हाती घ्यावे लागते.