तापट गावाची गार पहाट

एप्रिल लागला की सोलापूरच्या बातम्यांत पारा रोज एकेक पायरी चढतो: ४२, ४३, ४४. त्यातच कुणीतरी मोबाईल पुढे करून ‘ह्यात तर ४७ दाखवतंय’ म्हणून भर घालतो. या सगळ्या गलक्यात एक प्रश्न मात्र खरोखर विचार करण्याजोगा असतो. एवढं तापणारं हे गाव जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कुडकुडतं कसं? सोलापूरचा मेमधला उच्चांक ४६ अंशांच्या घरात आहे आणि जानेवारीतला नीचांक पाचाच्याही खाली. म्हणजे दोन्ही टोकांत चाळीस अंशांहून जास्त अंतर. मुंबईत सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ आणि २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले. तिथलं अंतर पस्तिशीतच अडकतं.

उच्चांक आणि नीचांक ही एकाच कारणाची दोन फळं आहेत, आणि ते कारण म्हणजे कोरडी हवा. समुद्र लांब, सह्याद्रीनं पाऊस आधीच वाटेत उतरवून घेतलेला, वर निरभ्र आकाश. दिवसा ऊन अडवायला ढग नाहीत आणि रात्री जमिनीची उष्णता अडवायला बाष्प नाही. सोलापूरबद्दल लिहिताना चादरीची उपमा टाळायचं ठरवलं होतं, पण इथे ती बसते, निदान अर्धी तरी. दमट हवा ही जमिनीवरची चादर, आणि जानेवारीत सोलापूरची जमीन उघड्यावर झोपते. अर्धी अशासाठी, की चादर ऊब नुसती अडवते. बाष्प मात्र जमिनीकडून आलेली उष्णता शोषून तिचा काही भाग स्वतःच खाली परत पाठवतं.

आता विक्रमांविषयी. तापमानाचा विक्रम हा जितका हवेचा असतो तितकाच मोजणाऱ्याचाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर धावली. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं नंतर सांगितलं, तो खुलासा कितीजणांनी वाचला असेल कोण जाणे. लिबियातल्या अल अझीझियाचे १९२२ मधले ५८ अंश तर तब्बल नव्वद वर्षं जगाचा उच्चांक म्हणून मिरवले. नवख्या निरीक्षकानं तापमापीतल्या दर्शकाचं भलतंच टोक वाचलं असावं, असा निष्कर्ष काढून जागतिक हवामान संघटनेनं २०१२ मध्ये तो विक्रम रद्द केला.

खरी नोंद होते ती जाळीदार फटींच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत शिरू नये. कमाल तापमापीत पारा, आणि त्याच्या वाटेत एक अरुंद गळा: पारा चढतो, पण आपसूक उतरत नाही. किमान तापमापीत अल्कोहोल, आणि त्यात बुडालेली बारीकशी कांडी. रात्री अल्कोहोल आकसतं तसं ते कांडीला मागे ओढतं. पहाटेनंतर पुन्हा पसरतं तेव्हा मात्र तिला बाजूनं ओलांडून जातं. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो, तेव्हा ती रात्रीच्या तळाशी थांबलेली सापडते.

पण सव्वा मीटरच का? एक फूट उंचीवर काय चाललेलं असतं? हा प्रश्न आपल्या पुण्यात एका माणसानं विचारला आणि त्याचं नाव आज तिथल्या विद्यार्थ्यांनाही सांगावं लागतं. एल. ए. रामदास, पालघाटचे, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. १९३२ मध्ये हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात सुरू झाला, तो त्यांच्याच हाताखाली. काळ्या रानावर त्यांनी खडूची पांढरी भुकटी पसरून पाहिली आणि जमिनीचं तापमान किती उतरतं ते मोजलं. छपराला पांढरा रंग देऊन घर थंड ठेवण्याच्या आजच्या योजना त्याच वाटेनं जातात.

त्याच १९३२ साली रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी छापलेला शोध मात्र कुणाला पटेना. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत गार हवा जमिनीला लागून असते असं पुस्तकं सांगत. यांना ती जमिनीपासून वीतभर ते दीड-दोन फूट वर सापडली. खाली जमीन उबदार, तिच्यावर गार हवेचा थर. गार हवा जड, ती क्षणात खाली कोसळायला हवी. तेव्हा मोजण्यातच चूक असणार, असं म्हणून अनेकांनी विषय मिटवला. राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पुण्यात काटेकोर उपकरणांनी पुन्हा मोजलं आणि १९५७ मध्ये रामदासांचं म्हणणं खरं ठरवलं. सैद्धांतिक उलगड्याचा मोठा प्रयत्न १९९३ मध्ये बंगळुरूच्या रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी केला. पुढे तिथल्याच जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या गटानं दाखवलं, की जमिनीलगतच्या हवेतले सूक्ष्म कण आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि तो थर जमिनीहूनही गार होतो. ‘रामदास थर’ हे नाव परदेशी शोधनिबंधांत रुळलं. आपल्याकडे रामदास म्हटलं की समर्थच आठवतात. त्यात समर्थांचा काही दोष नाही.

सोलापूर जिल्ह्यासाठी ही नुसती गंमत नाही. जानेवारीत रानात हरभरा असतो, आणि त्याचा शेंडा साधारण याच उंचीवर. वर्तमानपत्रातला किमान आकडा त्याच्या डोक्याच्या बराच वर मोजलेला असतो. मोबाईलवरचा आकडा तर बहुधा संगणकीय प्रारूपानं काढलेला अंदाज, तुमच्या बांधावर तो कुणी मोजलेला नसतो.

शंका असेल तर येत्या जानेवारीत मोकळ्या, कोरड्या रानात, भिंतीपासून लांब, तीन सारखे तापमापी लावा: एक मातीवर, एक फूटभर उंचीवर, एक छातीशी. वारा नसलेली रात्र निवडा, सूर्य उगवायच्या आत वाचा, आणि दुसऱ्या रात्री त्यांची अदलाबदल करून पुन्हा वाचा, म्हणजे तापमापीतला दोष असेल तर तोही उघडा पडेल.