जास्त चकाकीचे गुण कापतात

लाखो रुपये खर्चून जुनी गाडी नव्याने रंगवली, स्पर्धेत नेली आणि परीक्षकांनी नेमके रंगाचेच गुण कापले, असे अमेरिकेत कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या मालकांच्या बाबतीत होत असते. १९७४ साली स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी (एनसीआरएस) गाडीचा देखणेपणा मोजत नाही. कारखान्यातून निघताना ती जशी असायची तशी आज आहे का, एवढेच पाहते. एकूण गुण ४५१०. ९४ टक्के किंवा त्याहून जास्त मिळाले तर ‘टॉप फ्लाइट’. अस्सलपणाचे गुण वेगळे, स्थितीचे वेगळे. म्हणजे रंग निर्दोष असूनही चुकीचा ठरू शकतो.

एक घोळ आधीच मिटवलेला बरा. पुन्हा रंगवलेल्या गाडीवर मूळ रंग असूच शकत नाही. तिथे तपासायचे ते मुळाशी असलेले साम्य. मूळ रंग खरोखर टिकला आहे का, हा प्रश्न कधीच न रंगवलेल्या गाडीचा. पण दोन्हीकडे लागते ती माहिती एकच: त्या काळी त्या कारखान्यात रंग कसा मारत.

१९६३ ते १९६७ मधली कॉर्व्हेट घेऊ. बॉडी फायबरग्लासची, रंग अॅक्रिलिक लॅकरचा. लॅकर नुसते थिनर उडून वाळते, त्यात रासायनिक बदल होत नाही. वर वेगळा पारदर्शक थर नाही. रंग आणि चमक एकाच थरात. कामगार गन हातात धरून रंग मारत, आणि लाइन थांबत नसे. त्यामुळे डोळ्यांसमोरचे भाग नीट रंगत, दारांच्या खालच्या पट्ट्यात हात हलका पडे आणि तिथली चमक मंद राही. शिवाय १९६४ पासून काही बॉडी मिशिगनमधल्या आयोनियात ए. ओ. स्मिथ कंपनी बनवून, रंगवून सेंट लुईसच्या कॉर्व्हेट कारखान्याला पाठवी. तेव्हा ‘कारखान्याचा रंग’ हाही एका साच्याचा नव्हता.

तपासणी सुरू होते डॅशबोर्डखालच्या छोट्या पत्र्यापासून. त्यावर रंगाचा क्रमांक असतो, आणि बॉडी क्रमांकाआधीचे ‘एस’ किंवा ‘ए’ अक्षर ती सेंट लुईसची की स्मिथची हे सांगते. क्रमांक वर्षासकट वाचावा लागतो: ९७६ म्हणजे १९६६ मध्ये नॅसॉ ब्लू, १९६७ मध्ये मरीना ब्लू. पत्रे बनावटही मिळतात, म्हणून त्याचे रिव्हेटही बघतात.

मग डोळा. गाडीच्या बाजूला वाकून, तिरप्या उजेडात पृष्ठभाग पाहायचा. कारखान्याच्या रंगात बारीक खडबडीतपणा असतो, ज्याला अमेरिकेत संत्र्याची साल म्हणतात. घासून पार सपाट केलेला रंग संशयास्पद. फायबरग्लासचे तुकडे जिथे चिकटवले तिथले जोड वरच्या रंगातून किंचित जाणवतात. हौशी मालक ते लांबी भरून गायब करतो आणि तिथेच पकडला जातो. सगळ्यात बोलक्या असतात लपलेल्या जागा. चाकांच्या कमानीत मारलेल्या काळ्या रंगाची कड अस्ताव्यस्त असते, बॉडीच्या खाली रंगाचे तुषार उडालेले असतात. तिथे नीटनेटकेपणा दिसला की गुण जातात. माझ्या मते याच जागा खऱ्या जाणकाराची परीक्षा घेतात. बाहेरची चमक कोणीही पाहू शकतो.

जाडी मोजायचे यंत्र पोलादी गाडीवर चुटकीसरशी काम करते. कारखान्याचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. आकडा दुप्पट झाला तर वर पुन्हा हात फिरलाय, आणि खूपच वाढला तर खाली लांबी आहे. पण ते यंत्र धातूवर अवलंबून असते. कॉर्व्हेटच्या फायबरग्लासवर ते मुके होते. तिथे अल्ट्रासोनिक यंत्र लागते.

उरतो थिनरचा बोळा. लपलेल्या जागी फिरवला की लॅकर विरघळून कापसावर उतरते, आजचा हार्डनरचा रंग उतरत नाही. ही चाचणी फक्त रंगाची जात सांगते, वय नाही. कोणी १९८५ साली लॅकरनेच रंगवली असेल तर तीही रंग सोडेल. अर्थात स्पर्धेच्या मैदानावर असले प्रयोग कोणी करत नाही, ते खरेदीपूर्वी, मालकाला विचारून.

सालही ध्यानात ठेवावे लागते. १९८१ मध्ये कॉर्व्हेट सेंट लुईसहून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हलली. त्या एकाच सालातल्या जुन्या कारखान्याच्या गाड्या लॅकरच्या, नव्याच्या एनॅमलवर पारदर्शक थराच्या. एकीवर जे अस्सल, तेच दुसरीवर चूक.

न रंगवलेल्या गाड्यांना आता वेगळा मान आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच स्पर्धेत १९३४ ची बुगाटी टाइप ५९ सर्वोत्तम ठरली. नव्याने न सजवलेल्या, जतन केलेल्या गाडीला तिथे हा किताब पहिल्यांदाच मिळाला. तिचा काळा रंगही जन्मजात नव्हता. मूळची निळी रेसिंग गाडी बेल्जियमच्या राजाने घेतली, तेव्हा ती काळी झाली. तोही इतिहास परीक्षकांनी मान्य केला.

तुमच्या आजोबांची फियाट गॅरेजमध्ये उभी असेल, तर तिला डेंटिंग-पेंटिंगला धाडण्याआधी डिकीचे झाकण उघडून आतला रंग बघा. तो कंपनीचा असेल, तर आधी फक्त धुऊन, हाताने पॉलिश करून पाहा.