कॉन्फोकलची खोली

जीवशास्त्राच्या मोठ्या विभागांत एक खोली अशी असते, जिचा एसी दिवसरात्र चालू असतो आणि जिच्या दारावर लेसरचं चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण लावलेला असतो. आत हवेच्या दाबावर तोललेलं जड टेबल असतं, कारण खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी चित्र हलायला नको. टेबलावर कॉन्फोकल मायक्रोस्कोप, शेजारी लेसरचा डबा, समोर मॉनिटर. किंमत कोटींच्या घरात, त्यामुळे हे यंत्र कुणा एकाच्या प्रयोगशाळेचं नसतं. पीएचडीची मुलं तासाच्या हिशेबानं स्लॉट बुक करतात. एक उठतो, दुसरी येऊन बसते. या खोलीतले बहुतेक धोके त्या उठण्या-बसण्याच्या मध्ये तयार होतात, असं माझं ठाम मत आहे.

यंत्र करतं काय, ते आधी पाहू. पेशींना फ्लुओरोसंट रंग लावून जाडसर नमुना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्याचे सगळे थर एकदम उजळतात. घाटातल्या धुक्यात गाडीचा अपर लावल्यावर समोर नुसता पांढरा पडदा दिसतो, तशी गत होते. कॉन्फोकलमध्ये लेसरचा किरण एका वेळी एकाच बिंदूवर रोखलेला असतो आणि डिटेक्टरच्या पुढे एक बारीक छिद्र असतं, पिनहोल. फोकस ज्या पातळीवर आहे तिथला प्रकाश त्यातून पार होतो. वरच्या-खालच्या थरांतला प्रकाश अडतो. बिंदूंची ओळ होते, ओळींचं चित्र होतं, आणि अशा चित्रांची चवड रचली की न कापता आख्ख्या पेशीचे काप हाती येतात.

ही कल्पना मार्विन मिन्स्कीची. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात गाजलेला हा माणूस १९५५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये होता आणि त्याला मेंदूतल्या चेतापेशींची गुंतागुंत बघायची होती. १९५७ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९६१ मध्ये ते मिळालं. त्याच्या यंत्रात लेसर नव्हता, कारण पहिला लेसर १९६० मध्ये थिओडोर मेमननं चालवून दाखवला. मिन्स्कीनं आर्क दिवा वापरला आणि किरण फिरवण्याऐवजी नमुनाच हलवला. पुढची बरीच वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९८० च्या दशकात युरोपातल्या अनेक गटांनी लेसरवर चालणारी कॉन्फोकल बनवली. त्यांपैकी केंब्रिजच्या जॉन व्हाइट आणि ब्रॅड एमॉस यांच्या कामातून निघालेलं यंत्र बाजारात आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं.

आता लेसरची भीती. ती रास्त आहे, पण ती नेमक्या जागी असावी. डब्यातले लेसर सहसा ३बी वर्गातले असतात, म्हणजे सलग किरण सोडणाऱ्या लेसरची ताकद ५०० मिलिवॉटच्या आत. थेट किरण डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा करायला तेवढी पुरे. डोळा मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि एवढ्या ताकदीपुढे तो पाव सेकंद उशिराच ठरतो. त्यातही ४०५ नॅनोमीटरचा जांभळा किरण फसवा, कारण आपल्या डोळ्याला तो मंद दिसतो आणि मंद म्हणजे कमजोर असा समज होतो. पण बनवणाऱ्यांनी हे सगळं बंदिस्त केलेलं असतं. आयपीसमधून बघायचा पर्याय निवडला की शटर पडतं. वरचा कंडेन्सरचा दांडा मागे ढकलला की इंटरलॉक लेसर तोडतो. यंत्र जसं आलं तसं वापरलं तर किरणाची गाठ पडत नाही.

गाठ पडते ती कुणीतरी सोय बघतं तेव्हा. काम खोळंबतं म्हणून कुणी इंटरलॉकला चुंबक किंवा चिकटपट्टी लावतो. कुणी स्कॅन चालू असतानाच स्लाइड बदलायला हात घालतो, आणि त्या हातात अंगठी, घड्याळ किंवा बांगड्या असतात. चकचकीत धातूवरून किरण कुठे उडेल याचा नेम नाही. आणखी एक गोष्ट नवख्यांना सांगूनही पटत नाही. ऑब्जेक्टिव्हमधून, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगातून, बाहेर पडलेला किरण फोकसच्या पुढे झपाट्यानं फाकतो, त्यामुळे थोड्या अंतरावर त्याचा जोर उरत नाही. पण ऑब्जेक्टिव्ह काढून त्याची जागा रिकामी सोडली, तर त्या भोकातून किरण न फाकता सरळ वर येतो. म्हणून रिकाम्या जागेला झाकण लावायचंच. टू-फोटॉन यंत्र असेल तर हे सगळं अधिकच कडक, कारण त्याचा लेसर चौथ्या वर्गातला आणि अवरक्त असतो. दिसत नाही, तरी डोळ्याचं भिंग त्याला नेमका पडद्यावर आणून रोखतं.

जुन्या यंत्रांवर अजून पाऱ्याचा दिवा असतो. माझ्या मते अशा खोलीत लेसरइतकंच लक्ष त्याच्याकडे हवं. चालू असताना आतला दाब प्रचंड असतो आणि आयुष्य दोन-तीनशे तासांचं. म्हणून दिव्याच्या पेटीवर तासांची नोंद असते, आणि ती नोंद प्रत्येकानं वाचायची असते. हा दिवा कॉम्प्युटरच्या आधी लावायचा, कारण पेटताना निघणारा उच्च विद्युतदाबाचा झटका बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्सला बाधू शकतो. एकदा बंद केला की अर्धा तास तरी हात लावायचा नाही. बल्ब बदलताना काचेला उघडं बोट लागलं तर त्याचा तेलकट ठसा तापून तिथेच तडा जाऊ शकतो. दिवा फुटलाच तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि फॅसिलिटी सांभाळणाऱ्यांना कळवायचं. झाडू घ्यायचा नाही. आता एलईडी आल्या आहेत. ज्या विभागाला शक्य आहे त्यानं हा दिवा काढून टाकावा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र तेलानं होतं. ६३एक्सचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह स्लाइडच्या इतकं जवळ जातं की मध्ये मिलिमीटरचा पाचवा हिस्साही उरत नाही. तिथे तेलाचा एक थेंब पुरतो. मग एखादी मुलगी २०एक्सवर जायला ऑब्जेक्टिव्हची फिरती चकती, म्हणजे नोजपीस, फिरवते आणि तेल कोरड्या ऑब्जेक्टिव्हला लागतं. हे इतक्यांदा होतं की जाणत्या ऑपरेटर मॅडमची नजर हातांवरच असते.

“मॅडम, तेल लावू?”

“आधी समोर कुठलं ऑब्जेक्टिव्ह आहे ते वाच. मोठ्यानं वाच.”

काम झाल्यावर लेन्स पेपरनं तेल टिपायचं, घासायचं नाही. टिश्यू पेपर वापरला तर ओरखडे उठतात. पावसाळ्यात दमट हवेत तेल किंवा धूळ राहिली तर भिंगावर बुरशी धरते. आपल्याकडे एसी आणि डीह्युमिडिफायर बंद न करण्यामागे हेही कारण आहे. असं एक भिंग बदलायचं म्हणजे लाखांचा खर्च, आणि तोवर पुढच्या सगळ्यांची चित्रं धूसर.

ग्लोव्ह्जचा वाद प्रत्येक ठिकाणी चालतो. नमुन्याला डॅपीसारखा रंग लावलेला असतो, पॅराफॉर्मल्डिहाइड वापरलेलं असतं, कधी जिवंत मानवी पेशी असतात. तेच ग्लोव्ह्ज माउसला आणि दाराच्या मुठीला लागले, तर पुढचा माणूस उघड्या हातानं ते सगळं उचलतो. स्लाइड ठेवायची, ग्लोव्ह्ज काढायचे, मग कीबोर्ड. हा क्रम मोडू नये. जिवंत किंवा संसर्गजन्य नमुना आणायचा तर आधी परवानगी, आणि बुकिंगमध्ये ते स्पष्ट लिहायचं.

हे सगळं कागदावर सगळीकडे असतं. चालतं ते जिथे जाणता माणूस रोज खोलीत असतो तिथे. आयआयटी मुंबईतल्या ‘सैफ’सारख्या केंद्रांमुळे आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ पोर्टलमुळे बाहेरच्या कॉलेजातल्या मुलांनाही महागड्या उपकरणांची दारं उघडली आहेत. ही फार मोलाची गोष्ट आहे. पण येणाऱ्यांची संख्या वाढली की शिकवणारा माणूसही हवा. अनुदानातून यंत्र येतं, वार्षिक देखभालीच्या कराराचे (एएमसी) पैसे मागितले जातात, आणि ऑपरेटर मात्र प्रकल्प संपला की संपणाऱ्या कंत्राटावर असतो. कुठला लेसर बंद केल्यावरही त्याचा पंखा दहा मिनिटं चालू राहू द्यायचा, कुठला इंटरलॉक ढिला पडलाय, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं, आणि तो गेला की लॉगबुकात त्यातलं थोडंच उरतं. विद्यापीठानं खरेदीच्या फाइलीत यंत्राच्या किमतीखाली ऑपरेटरच्या कायम पदाचा पगार लिहावा, आणि तो मंजूर झाल्याशिवाय यंत्राची ऑर्डर जाऊ नये.