घड्याळात न मावणारा कॉर्नरबॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये उलटं धावता येणं ही कोट्यवधी डॉलरची कला आहे. ती ज्याच्या अंगी असते तो कॉर्नरबॅक. त्याच्या समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्या गड्याला, आपण कुठे वळणार हे आधीच ठाऊक असतं. कॉर्नरबॅकला ते पाठमोरं सरकत, क्षणात ओळखावं लागतं. कबड्डीतला कॉर्नर चढाईपटूच्या पायांवरून नजर हटू देत नाही, तसा हा रिसीव्हरच्या कमरेवर डोळा ठेवून असतो. खांदे हूल देतात, डोळे हूल देतात. कंबर सहसा खोटं बोलत नाही.

कॉलेजच्या पोरांमधून असा गडी हेरायचा कसा? एनएफएल या व्यावसायिक लीगचे ३२ संघ दर एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू निवडीच्या, ७ फेऱ्यांत हाच जुगार खेळतात. त्याआधी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ हे चाचणी शिबिर भरतं. १९८७पासून ते तिथेच होतंय. उंची, वजन, हाताची लांबी, उडी, जुनी दुखणी, सगळं तिथे तपासलं जातं. गाजते मात्र एकच गोष्ट : ४० यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव.

सुसाट, पण पुढे?

२०२२मध्ये बेलर विद्यापीठाच्या केलन बार्न्सने ही धाव ४.२३ सेकंदांत मारली. एवढा वेगवान कॉर्नरबॅक कम्बाइनने क्वचितच पाहिला असेल. निवड झाली थेट सातव्या फेरीत, आणि हंगाम सुरू होण्याआधीच कॅरोलिना पँथर्सने त्याला सोडूनही दिलं. त्याच कॅरोलिनाने २०१२मध्ये पाचव्या फेरीत जॉश नॉर्मनला घेतलं होतं. त्याची वेळ होती ४.६६, म्हणजे कॉर्नरबॅकसाठी चक्क संथ. २०१५मध्ये तोच नॉर्मन ऑल-प्रो, म्हणजे आपल्या जागेवरच्या देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक ठरला आणि त्याचा संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

कारण सरळ आहे. ४० यार्डांची धाव सरळ रेषेत असते, सामन्यात कॉर्नरबॅकला सरळ रेषा मिळतेच कुठे? पाठमोरं सरकताना गर्रकन वळायचं आणि वळताना वेग जाऊ द्यायचा नाही, ही खरी परीक्षा. म्हणून खेळाडू हेरणारा मुरलेला स्काउट आधी कंबर बघतो. वळताना ती मोकळी असेल तर अर्धा गड सर. ती अवघडली, एक पाऊल जादा पडलं, की रिसीव्हर दोन हात पुढे गेलाच म्हणून समजा.

आकड्यांतली एक उडी मात्र विसरू नये अशीच आहे. २०१५मध्ये कनेटिकटच्या बायरन जोन्सने कम्बाइनला जागच्या जागी उभं राहून १२ फूट ३ इंच लांब उडी घेतली. पावणेचार मीटरला जेमतेम कमी! डॅलसने त्याला पहिल्याच फेरीत उचललं.

हात किती लांब?

सिअ‍ॅटलचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरल यांना ३२ इंची हातांचे कॉर्नरबॅक प्रिय होते. स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन तसाच होता. सहा फूट तीन इंच उंच, आणि मुळात कॉलेजात रिसीव्हर म्हणून आलेला. २०११च्या ड्राफ्टमध्ये तो १५४व्या क्रमांकापर्यंत ताटकळला. जानेवारी २०१४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याच लांब हाताची बोटं चेंडूला लागली, चेंडू सहकाऱ्याच्या हातात गेला आणि सिअ‍ॅटल सुपर बोलला पोहोचलं. त्याच्याआधी निवडले गेलेले १५३ जण! स्काउटांनी ही यादी भिंतीवर लावून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजचं मैदान फसवतं

हा भाग टीव्हीवरच्या चर्चेत फारसा येत नाही, आणि मला तर तोच सगळ्यात रंजक वाटतो. कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत रिसीव्हरला बऱ्यापैकी धक्काबुक्की करता येते. एनएफएलमध्ये पाच यार्डांच्या पुढे हात लावला की दंड. ही मर्यादा १९७८मध्ये आली, आणि पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटने रिसीव्हरांचं जगणं इतकं नकोसं केलं होतं की लोक आजही तिला त्याच्याच नावाने ओळखतात. दुसरा फरक तर खिशालाच हात घालतो : चेंडू पकडू पाहणाऱ्याला बेकायदा अडवलं तर कॉलेजात जास्तीत जास्त १५ यार्ड जातात, एनएफएलमध्ये गुन्हा जिथे घडला तिथेच चेंडू ठेवला जातो, मग ते अंतर ४० यार्ड का असेना. झेलसुद्धा वेगळा. कॉलेजात एक पाय सीमारेषेच्या आत पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. तेवढाच कॉर्नरबॅकला दिलासा.

मैदानावरच्या खुणाही पाहा. डाव जिथून सुरू होतो त्या दोन ओळींमध्ये कॉलेजात ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठराच. त्यामुळे कॉलेजात चेंडू एका ओळीवर असला की एका बाजूला ६० फूट उरतात, दुसऱ्या बाजूला १००. अरुंद बाजूच्या कॉर्नरबॅकला सीमारेषाच मदतनीस. म्हणून चांगला स्काउट पहिला प्रश्न विचारतो : पोरगा कुठल्या बाजूला खेळला?

शून्याची किंमत

चेंडू मध्येच झेलणं, म्हणजे इंटरसेप्शन, हा कॉर्नरबॅकचा दागिना. पण झेल कमी म्हणून गडी कच्चा, हा हिशेब चुकतो. दबदबा असला की चेंडू फेकणारे क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला फेकतच नाहीत. सिनसिनाटीचा ‘सॉस’ गार्डनर कॉलेजात तीन हंगाम खेळला, आणि त्याच्या पहाऱ्यातल्या रिसीव्हरला एकही टचडाउन मिळाला नाही. २०२२मध्ये जेट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच वर्षी तो ऑल-प्रो.

रक्तही बोलतं कधीकधी. पॅट्रिक सर्टन मायामीचा नामांकित कॉर्नरबॅक. २०२४चा सर्वोत्तम बचावपटू ठरला त्याचा मुलगा, डेन्व्हरचा पॅट सर्टन दुसरा.

आणि ट्रॅव्हिस हंटर? कोलोरॅडोचा हा पोरगा कॉर्नरबॅकही आणि रिसीव्हरही. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची २०२४ची हाइझमन ट्रॉफी जिंकली, २०२५च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलला गेला.

तरी गडी हेरताना माझा कौल सामन्यांच्या चित्रफितीला आणि खेळाडूच्या स्मरणशक्तीला. मॅल्कम बटलरला २०१४मध्ये कुणी निवडलंच नाही. चाचणी देऊन तो न्यू इंग्लंडमध्ये शिरला. सरावात एका डावावर तो चकला. १ फेब्रुवारी २०१५ला सुपर बोलमध्ये, गोलरेषेपासून एका यार्डावर, सिअ‍ॅटलने नेमका तोच डाव टाकला. बटलरने तो ओळखला, झेपावला, चेंडू त्याच्या हातात आणि जेतेपद न्यू इंग्लंडकडे.

ड्राफ्टविना आलेला सगळ्यात मोठा मोहरा मात्र ‘नाइट ट्रेन’ लेन. लष्करातून सुटून विमानाच्या कारखान्यात राबणारा डिक लेन १९५२मध्ये कात्रणांची वही घेऊन लॉस एंजेलिस रॅम्सच्या कचेरीत काम मागायला गेला. रिसीव्हर व्हायचं होतं, प्रशिक्षकाने बचावात उभं केलं. त्या पहिल्याच हंगामात १२ सामन्यांत त्याने १४ इंटरसेप्शन केले. आता हंगाम १७ सामन्यांचा असतो. लेनचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.